नानांचा प्रश्न

नानांनी काल सहज विचारलेला प्रश्न अजून मनातून जात नाही. विकिपीडियावर देणगीचे आवाहन दिसले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, लिहितोस तू फुकट, मग पैसे मागणारे हे कोण?" विकिमीडिया फाउंडेशन ही सॅन फ्रान्सिस्कोची ना-नफा संस्था असून सर्व्हर, अभियंते आणि वकील यांचा खर्च ती करते, असे मी सांगितले. नाना काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला लागले.

वडोदऱ्याच्या सेंट्रल लायब्ररीवर लिहिताना एकेका वाक्याला आधार मिळावा म्हणून मी रात्री जागतो, ते त्या संस्थेत कोणाला कळणार आहे? लिहिणारे आम्ही, आणि नाव, पैसा व अंतिम अधिकार त्यांच्याकडे, हे काल फार एकाकी करून गेले. २०१४ मध्ये जर्मन विकिपीडियाच्या संपादकांनी चित्रे दाखवण्याची नवी सोय नाकारली, तेव्हा ज्या पानातून ती सोय बंद करता येई, त्या पानाला फाउंडेशनने प्रचालकांनाही, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांनाही, बदलता येणार नाही असे कुलूप घातले होते. ते पुढच्या वर्षी काढले गेले. परंतु ते घालावेसे वाटले, हे मी विसरू शकत नाही. उलट २०२२ मध्ये देणगीच्या आवाहनांचा मजकूर दिशाभूल करणारा आहे, असे इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी ठरवल्यावर संस्थेला तो बदलावा लागला. म्हणजे आमचे ऐकले जाते, पण अडवल्यावर. हा विश्वास म्हणायचा का?

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथपाल बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून उभारलेल्या ग्रंथालय योजनेत गावच्या वाचनालयासाठी एक वाटा गावकऱ्यांनी, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने द्यायचा असे. गावाने वाटा उचलला म्हणून त्याला हिशेब विचारता येई. आमचा वाटा श्रमाचा आहे, तेव्हा हिशेब मागणे हा कृतघ्नपणा नव्हे. संस्था लेखापरीक्षित अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करते आणि विश्वस्त मंडळावरील काही जागा आमच्या मतदानातून भरल्या जातात, तर तो हक्क वापरायला हवा. या विचाराने रात्रीचा कडवटपणा बराच ओसरला. एकाकीपणाचे काय करायचे, ते नंतर पाहीन.

विश्वस्त मंडळाच्या येत्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला मी विचारणार आहे: मोठ्या भाषांचे संपादक अडवू शकतात, पण आमच्यासारख्या मूठभर संपादकांच्या भाषेत नवी सोय आणण्यापूर्वी तुम्ही कोणाला विचारणार?