“घटना आमच्या हद्दीतली नाही”: पोक्सोची तक्रार नोंदवतानाचा माझा अनुभव

धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. असंच एक कुटुंब हंगाम संपवून परतलं आणि त्यांच्या मुलीने पडावावर (ऊसतोड मजुरांच्या तळावर) तिच्याशी काय झालं ते मला सांगितलं. गाव, कारखाना, मुलीची इयत्ता यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. तिची ओळख उघड होईल असं छापायला पोक्सोचं, म्हणजे बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याचं, कलम 23 मनाई करतं, आणि ते योग्यच आहे.

आईचा पहिला प्रश्न होता, “बाई, आते काय करानं?” तिची भीती मला कळत होती. तक्रार केलीत तर उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) परत करा, असा मुकादमाचा, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचा, निरोप आधीच येऊन गेला होता. पण कलम 19 प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, शिक्षकावरही. लपवलं तर कलम 21 खाली शिक्षा आहे. आई-वडिलांना घेऊन मी जवळच्या पोलीस ठाण्यात गेले.

आणि तिथे सगळं अडलं. ठाणे अंमलदाराने दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाला, “गुजरातमधलं प्रकरण आहे, आमची हद्द नाही. तिकडे जा.” ज्या माणसाची रोजंदारी बुडाली की चूल पेटत नाही, त्याला हा सल्ला! मी शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवा म्हटलं, तर साहेब आल्यावर बघू. साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेलो तर तारीख नक्की सांगा, वेळ सांगा. मग मलाच प्रश्न, “तुम्ही नात्याच्या कोण?” एका हवालदाराने तर वडिलांना बाजूला घेऊन “पोरीचं लग्न व्हायचंय, विचार करा” असं समजावलं. त्या वाक्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. लाज त्या मुलीची कशी?

कायदा याबाबत अगदी सरळ आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवायची आणि मग संबंधित ठाण्याकडे पाठवायची. पोक्सोची खबर कोणीही देऊ शकतं, नात्याची अट नाही. आणि जे कलम 21 मला लागू होतं, तेच खबर न नोंदवणाऱ्यालाही लागू होतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शेवटी मी हेच सगळं लेखी अर्जात उतरवलं, प्रत पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवली, पोचपावती अर्जाला टाचून अंमलदारापुढे ठेवली. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही कळवलं. हद्दीचा प्रश्न त्याच संध्याकाळी मिटला. म्हणून सांगते, तोंडी वाद घालत बसू नका. पहिल्याच भेटीत लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागा.

पुढचं बरंच सुरळीत झालं. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत घरी आल्या, आई शेजारी असताना जबाब घेतला. मुलीला ठाण्यात नेण्याची गरज नसते आणि रात्री तर ठेवताच येत नाही, हे आई-वडिलांना आधीच सांगून ठेवा. अर्धी धास्ती तिथेच कमी होते. सिव्हिलमध्ये तपासणी महिला डॉक्टरांनी केली. खरं तर गुन्हा नोंदला नसला तरी ही तपासणी होऊ शकते. ठाण्यात ताटकळण्याआधी मुलीला आधी डॉक्टरकडे न्या, हे मी वरच लिहायला हवं.

गुन्हा आता तिकडच्या ठाण्याकडे वर्ग झालाय. नवा क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचं नाव मागून घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, ते झालं का हेही विचारा. समिती मुलीला मदतनीस व्यक्ती देऊ शकते. जेवण, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी पैशांची शिफारसही समितीच करते, आणि शिफारस पोचल्यापासून आठवड्याच्या आत ते पैसे द्यायचे असतात. ही तरतूद घरच्यांना कोणी आपणहून सांगत नाही. मुकादमाच्या उचलीखाली दबलेल्या घराला ती पहिल्या दिवशीच कळायला हवी.