आमची वाटचाल: ढोल आधी, आवाज मागाहून

आमचं लग्नाच्या व्हिडिओंचं आणि एडिटिंगच्या शिकवणीचं दुकान आज चिपळूणच्या बाजारात पहिल्या मजल्यावर आहे. तळमजला का सोडला, हे चिपळूणकरांना सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी पुढे सांगतोच.

१९९८ साली सुरुवात केली तेव्हा भांडवल म्हणजे खांद्यावरचा एक व्हीएचएस कॅमेरा, एक हॅलोजन, आणि तो हॅलोजन वऱ्हाडाच्या डोळ्यांत मारणारा माझा धाकटा भाऊ. एडिटिंग हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नसे. ‘मिक्सिंग’ म्हणायचे. दोन व्हीसीआर, मधे मिक्सर. एकावर मूळ कॅसेट चालवायची आणि हवा तेवढा तुकडा दुसऱ्यावर उतरवायचा. सप्तपदीत चूक सापडली, तर सप्तपदीपासून पाठवणीपर्यंत सगळं नव्यानं. नवरा-नवरीला बदामात बसवणं ही आमची सर्वांत मोठी कला. त्यावर गिऱ्हाईक खूश असायचं.

२००३ मध्ये कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला. हार्डडिस्क ४० जीबीची. मिनी डीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटचं एक तासाचं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवलं की सुमारे १३ जीबी जागा जायची, म्हणजे तीन कॅसेटींत डिस्क फुल्ल. एक लग्न देऊन टाकल्याशिवाय दुसरं उतरवता येत नसे. सॉफ्टवेअर मुंबईहून आणलेल्या सीडीवरचं, अर्थात क्रॅक केलेलं. त्या काळी आमच्या लाइनीत विकत घेतलेलं सॉफ्टवेअर मी तरी कुणाकडे पाहिलं नव्हतं. अशाच एका सीडीतून व्हायरस शिरला आणि एका लग्नाची पूर्ण झालेली फाइल डिलिव्हरीच्या आदल्या रात्री गेली. मूळ कॅसेटी होत्या म्हणून वाचलो. पुढच्या सीझनला इडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरची रीतसर कॉपी घेतली. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज एकाच पट्टीवर (टाइमलाइनवर) न अडखळता चालायचं, म्हणून लग्नवाल्यांचं ते लाडकं. आमचा धंदा बरीच वर्षं त्यावरच चालला.

मराठी टायटलांनी मात्र आम्हाला फार रडवलं. श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचं, आणि एडिटिंगच्या खिडकीत तेच अक्षर भलतंच दिसायचं. पुढे युनिकोड आलं, तरी वेलांटी आणि रफार यांचं बऱ्याच सॉफ्टवेअरशी जमेना. एका स्वागत समारंभात आम्ही मोठ्या पडद्यावर नावं सोडली. ‘चि.’मधली वेलांटी ‘च’ला सोडून पलीकडे जाऊन उभी राहिली होती. मुलीच्या मामांची छापखान्याची लाइन. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “भाऊ, मुलगी आमची आजच सासरी चालली, तुमची वेलांटी आधीच गेली वाटतं.” हसलो, पण ते लागलं. तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर आलं की मी आधी त्यात एक ओळ टाइप करतो: ‘मार्गशीर्ष, वऱ्हाडी, हृदय, ज्येष्ठ, चिठ्ठी’. ही ओळ धड दिसली तरच पुढचं बोलणं. अडोबी कंपनीच्या प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. तो निवडला नाही की अक्षरं फुटतात. कित्येक जण ‘प्रीमियरला मराठी येत नाही’ म्हणून सोडून देतात ते एवढ्यासाठी. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन फुकटची सॉफ्टवेअर त्या बाबतीत शहाणी, युनिकोड मराठी सरळ दाखवतात. कुठेच जमलं नाही तर टायटल दुसरीकडे बनवून, मागची बाजू पारदर्शक ठेवून चित्र म्हणून वरच्या पट्टीवर टाकायचं. आडमार्ग आहे, पण वेलांटी जागेवर राहते.

२०१३ मध्ये अडोबीनं नवं सॉफ्टवेअर एकरकमी विकणं बंद करून महिन्याच्या भाड्यावर द्यायचं ठरवलं. मोठ्या शहरातल्या स्टुडिओला ते परवडत असेल. कोकणात आषाढ ते कार्तिक लग्नं नाहीत; तुळशीचं लग्न लागेपर्यंत कॅमेरा कपाटात. ते चार महिने भाडं कशाचं भरायचं? आम्ही इडियसवरच राहिलो. पण ही गोष्ट हौशी माणसालाही लागू आहे, हे मला फार उशिरा कळलं. वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिमग्यात व्हिडिओ करणाऱ्यानं बारा महिन्यांचं भाडं का भरावं?

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सगळं गाव कॅमेरामन झालं. साखरपुडा, बारसं, वाढदिवस ही कामं आमच्याकडून गेली ती परत आली नाहीत. उलट दुकानात एक नवीन प्रश्न येऊ लागला: “दादा, एडिटिंगला चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?”

या प्रश्नाला मी दिलेलं पहिलं उत्तर साफ चुकलं. विचारणारे होते मला सातवीला गणित शिकवलेले गुरुजी. २०१८ ला निवृत्त झाले होते. गावच्या पालखीचे आणि नमनाचे, म्हणजे आमच्या कोकणी लोकनाट्याचे, व्हिडिओ करायचे होते. मी ऐटीत सांगितलं, “गुरुजी, दाविंची रिझॉल्व्ह घ्या. फुकट आहे, सिनेमावाले वापरतात.” यातला शब्द न् शब्द खरा. मूळचं ते रंग सुधारायचं भयंकर महाग यंत्र. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिकनं ती कंपनी घेतली, पुढे फुकट आवृत्ती काढली, एडिटिंगही त्यात आलं. व्हिडिओवर कंपनीचं नावही उमटत नाही. फक्त गुरुजींचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा होता, वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, हे मी विचारलंच नाही. रिझॉल्व्हला १६ जीबी आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. गुरुजींकडे ते उघडायलाच पाच मिनिटं घ्यायचं आणि क्लिप टाकली की ग्राफिक्सची मेमरी संपली म्हणून बसायचं. गुरुजींना वाटलं, आपल्यालाच जमत नाही. दीड वर्ष त्यांनी त्या गोष्टीला हात लावला नाही, आणि मला बोललेही नाहीत.

मार्च २०२० चा शिमगा झाला आणि पाठोपाठ लॉकडाऊन लागलं. लग्नं पन्नास माणसांत. दुकानाचं शटर अर्धं. अशात जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक विचारायला लागले, पाठाचा व्हिडिओ कसा करायचा. बहुतेकांना मोबाइलवरच करायचं होतं. त्या जूनच्या २९ तारखेला सरकारनं ५९ चिनी ॲप बंद केली, त्यात टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओही होतं. एका बाईंचे बालवाडीचे सगळे पाठ त्यात अर्धवट होते. तेव्हापासून आम्ही सांगतो, ॲप कुठलंही असो, झालेला व्हिडिओ त्याच दिवशी फोनच्या गॅलरीत उतरवून घ्या. आज मोबाइलवर करायचं तर व्हीएन आम्ही पहिलं दाखवतो, कारण फुकटात चित्रावर छाप मारत नाही. काइनमास्टर वापरायला छान, पण पैसे भरले नाहीत तर कोपऱ्यात नाव येतं.

त्याच पावसाळ्यात गुरुजी मास्क लावून आले, हातात पेनड्राइव्ह. शिमग्यात फोनवर काढलेली पालखी. “अरे, हे बघ काय होतंय. मला तर कानाचा दोष वाटायला लागलाय.”

लावून बघितलं. सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या कट्ट्यावर, पालखी नाचतेय, ढोलवाला जीव तोडून वाजवतोय. सुरुवातीला सगळं ठीक. दहाव्या मिनिटाला ढोलावर काठी पडते आणि ठोका जरा मागून येतो. विसाव्या मिनिटाला तर काठी वर गेल्यावर आवाज. गुरुजी टेबलावर बोटानं ताल धरून मला दाखवत होते, किती मात्रा चुकतेय ते. गणिताचे मास्तर, त्यांनी हिशोबही करून आणला होता.

दोष कानांचा नव्हता. फोन दर सेकंदाला ठरावीक चित्रं काढत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की ३० ची २७ करतो, पुन्हा ३० वर येतो. फोनवर बघताना ते कळत नाही. पण बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर सगळीकडे सारखाच दर आहे असं धरून चित्रं मांडतात आणि आवाज आपल्या वेळेनं चालत राहतो. क्लिप जितकी लांब तितकी फारकत. उपाय साधा: हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दर कायम ठेवायचा पर्याय निवडून क्लिप आधी नवी करून घ्यायची. शॉटकटमध्ये अशी क्लिप टाकली तर ते स्वतःच विचारतं, एडिटिंगजोगी करून देऊ का? ‘हो’ म्हणायचं आणि चहा प्यायला जायचं.

मी गुरुजींच्या त्याच ४ जीबी लॅपटॉपवर शॉटकट टाकून दिलं. त्यात प्रॉक्सीची सोय आहे, म्हणजे काम करताना हलकी प्रत चालते आणि शेवटी मूळ क्लिपवरून व्हिडिओ बनतो. संध्याकाळपर्यंत ढोल आणि काठी एकत्र आले. गुरुजींनी चाळीस मिनिटांची पालखी करून मुंबईच्या वाडीकरांच्या ग्रुपवर पाठवली. तिथे ती चिरडून इवलीशी झाली, मग पेनड्राइव्हवर मागणी आली. तिथे पुन्हा अडलं. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, फाइल ६ जीबीची, आणि जागा असून कॉपी होईना. जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल घेत नाही. हे असलं कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

शिकवणी खरी सुरू झाली ती या पालखीपासून. आधी गुरुजींचे मित्र आले, मग दोन नमन मंडळांची पोरं, मग स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या एक ताई. जम बसतोय म्हणेपर्यंत २२ जुलै २०२१ उजाडला. वाशिष्ठीचं पाणी दुकानाच्या माळ्याला लागलं. दोन कॉम्प्युटर, तेवीस वर्षांच्या कॅसेटी, ग्राहकांच्या हार्डडिस्क, सगळं चिखलात. एक डिस्क तेवढी भावाच्या घरी होती. आवरताना एक जण म्हणाला, “माझं काम वाचलंय, मी पेनड्राइव्हवर घेऊन गेलो होतो.” लावून पाहिलं तर त्यावर फक्त प्रोजेक्टची फाइल, काही केबींची. पडद्यावर लाल पट्टा: ‘मीडिया ऑफलाइन’. प्रोजेक्ट म्हणजे नुसती यादी असते, कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत. व्हिडिओ त्यात नसतो. लग्नाच्या आमंत्रणांची यादी वाचली म्हणून वऱ्हाड येत नाही, तसंच ते. तो बिचारा त्या लाल पट्ट्याकडे बराच वेळ बघत उभा होता.

पहिल्या मजल्यावर आलो ते त्यानंतर. आता लग्नं आम्ही वर्षाला पंधराच घेतो. बाकी वेळ शिकवणी: सहा बैठका, १,२०० रुपये. एका सॉफ्टवेअर विक्रेत्यानं कमिशन देऊ केलं होतं, प्रत्येक विद्यार्थ्यामागे. भाऊ म्हणाला घेऊ या. मी नको म्हटलं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. मोठेपणा म्हणून नाही म्हटलं नव्हतं. दुसऱ्यांदा गुरुजींसारख्या कुणाचा लॅपटॉप बंद करून ठेवायला लावायची हिंमत नव्हती, इतकंच.

पहिल्या बैठकीत आम्ही सॉफ्टवेअरचं नावच काढत नाही. स्वतःच्या फोनमधली दहा मिनिटांची क्लिप आणायची, तीही आवाज असलेली. ती ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर टाकून बघायची. विंडोज ११ असेल तर क्लिपचँप आधीच आत बसलेलं असतं, १०८० (फुल एचडी) पर्यंत फुकट देतं. नातवाचा वाढदिवस जोडायला एवढं पुष्कळ आहे. एके काळी मूव्ही मेकर होता, तो मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये काढून घेतला, त्याची जागा यानं भरली. मॅक असेल तर आयमूव्ही, विषय संपला. जुना लॅपटॉप असेल तर शॉटकट. दिसायला ओबडधोबड आहे, पहिले दोन दिवस माणूस वैतागतो, तिसऱ्या दिवशी हात बसतो. फिल्मोरा लोकांना फार आवडतं, आणि सोपं आहेच. पण पैसे न भरता व्हिडिओ काढला तर त्यावर मोठी छाप येते. ती छाप सगळं काम झाल्यावर कळते, म्हणून आम्ही पहिल्याच तासाला पाच सेकंदांचा व्हिडिओ काढून बघायला लावतो. रिझॉल्व्ह मी आजही सांगतो, पण आधी लॅपटॉप उलटा करून मागचं स्टिकर वाचतो.

ट्यूबलाइटखाली व्हिडिओ काढणाऱ्यांनी फोनमध्ये सोय असेल तर २५ चा दर ठेवावा, एवढं मात्र सगळ्यांना सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची. ३० वर काढलं तर उजेड लपलपतो आणि मग तो घालवायचं सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न घेऊन लोक परत येतात.

गुरुजी आता बैठकांना येऊन मागे बसतात. कुणाच्या क्लिपमध्ये आवाज सरकला की बोटानं टेबलावर ताल धरतात, आणि मी समजतो कुणाकडे जायचं ते. पुढची बॅच तुळशीच्या लग्नानंतर. येताना चार्जर आणा. आमच्याकडे चार पॉइंट आहेत, त्यातला खिडकीजवळचा चालत नाही.