ई२० पेट्रोल आणि ग्रास कटर: दोष कशाचा, उपाय काय

आंबा-काजूच्या बागांमधली गवतकापणी आटोपली की बहुतेक ग्रास कटर टाकीत अर्धं पेट्रोल ठेवूनच पडवीत टांगले जातात. पुढच्या पावसाळ्यात दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, मशीन काही सुरू होत नाही, आणि सगळ्या शिव्या ई२०ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) मिसळलेल्या पेट्रोलला बसतात. त्यातल्या काही रास्त आहेत, पण सगळ्या नाहीत.

आधी रास्त तक्रार. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९ किलो. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. ग्रास कटर, चेनसॉ किंवा पाठीवरच्या पॉवर स्प्रेच्या कार्बोरेटरला (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) असली अक्कल नसते. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक तेवढंच, म्हणून मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी असलेलं होतं आणि इंजिन तापतं. शिवाय ई२०च्या लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा ६-७ टक्के कमी, त्यामुळे जाड गवतात जोर कमी वाटतो तो भास नव्हे. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत १० टक्के इथेनॉलचीच मर्यादा दिलेली असते, ती एकदा बघाच.

लीन चालणारं मशीन लगेच ओळखू येतं. अर्धा चोक ठेवला तरच नीट चालतं, थ्रॉटल सोडल्यावर आवाज पटकन खाली येत नाही, प्लग काढला तर तपकिरी नसून पांढरट असतो. मात्र थेट स्क्रूला हात घालू नका. हीच लक्षणं फुटलेल्या नळीतून किंवा कार्बोरेटरच्या सैल बोल्टमधून हवा घेतल्यावरही दिसतात, तेव्हा आधी ते तपासा. मग कार्बोरेटरवर ‘एच’ स्क्रू (फुल थ्रॉटलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) असेल तर तो डावीकडे एकअष्टमांश फेरा सोडून फुल थ्रॉटलवर आवाज ऐका. स्वस्त ४३ किंवा ५२ सीसी मशीनमध्ये बहुधा आयडलचाच (थ्रॉटल सोडल्यावरच्या वेगाचा) स्क्रू असतो. तिथे दर टाकीनंतर काही मिनिटं विसावा द्यायचा आणि सिलिंडरवरच्या गार ठेवणाऱ्या पात्यांत (फिन्स) अडकलेलं गवत साफ ठेवायचं, एवढंच हातात उरतं.

काही जण ‘सेफ साइड’ म्हणून टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्येच मिसळायचं तेल) दुप्पट टाकतात. याने उलटच होतं: तेवढ्याच जेटमधून तेल जास्त आणि पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण आणखी लीन, वर सायलेन्सरमध्ये काजळी. पुस्तिकेत १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाज न घेता औषधाच्या मापाने मोजा.

आता पाण्याचं. इथेनॉल पाणी शोषतं हे खरं, पण नुसत्या दमट हवेने टाकी बिघडायला बराच वेळ लागतो. खरं पाणी शिरतं ते सैल झाकणातून, पावसात उघड्या ठेवलेल्या कॅनमधून, मशीन पाण्याने धुताना. प्रमाण मर्यादेपलीकडे गेलं, किंवा रात्री गारवा वाढला, की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टू-टी ऑईल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर असतो तळाला. म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन सुरू झालंच, तर तेलाविना चालतं आणि पिस्टन ओरखडतो. फोर-स्ट्रोकला तेल वेगळं असल्याने हा धोका नाही. तिथे कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी पूड जमते आणि जेट बुजतो. असं थर झालेलं पेट्रोल हलवून, नवं पेट्रोल ओतून किंवा ॲडिटिव्ह घालून सुधारत नाही. टाकून द्यायचं, तेही नाल्यात नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी बघता येतं. १०० मिलीच्या मापनळीत १० मिली पाणी घ्या, वर ९० मिली पेट्रोल ओता, झाकण लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. खालचा थर साधारण २८ मिलीवर आला तर २० टक्के इथेनॉल आहे, १९ वर थांबला तर १० टक्के. प्रीमियम पेट्रोल महाग आहे म्हणून त्यात इथेनॉल नसेलच असं समजू नका, हीच चाचणी करा. पाण्याने इथेनॉल धुऊन उरलेलं पेट्रोल वापरायची युक्ती मात्र टाळा: ऑक्टेन घसरतो आणि पाण्याचा अंश मागे राहतो.

रबराची झीज हळूहळू होते. जुन्या नळ्या फुगतात किंवा कडक होऊन टाकीच्या भोकापाशी चिरतात, प्रायमरचा (सुरू करण्याआधी दाबून पेट्रोल ओढायचा) फुगा चिकट होतो, कार्बोरेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) कडक पडतो. डायफ्राम काढून कानाजवळ हलवा, कागदासारखा कडकडला तर बदला. कार्बोरेटर उघडताना फोटो काढून ठेवा, कारण बहुतेक मॉडेलमध्ये मीटरिंगच्या (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या) बाजूला आधी गॅस्केट मग डायफ्राम असतो, तर पंपाच्या (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या) बाजूला नेमका उलटा क्रम. पंपाच्या डायफ्रामखालची बारीक चाळणी अनेक मेकॅनिकही विसरतात. जेटमध्ये सुई घालू नका. क्लीनरचा फवारा, फार तर वायरमधली तांब्याची एक तार पुरे. नवी नळी घेताना इथेनॉलला टिकणारी मागा.

हंगाम संपला की टाकी पूर्ण रिकामी करा, मशीन बंद पडेपर्यंत चालवा, फुगा दाबून पुन्हा एकदा चालवा. फ्लोटवाल्या (पेट्रोल साठवणारी वाटी असलेल्या) कार्बोरेटरमध्ये वाटीखालचा स्क्रू सोडून थेंबन्थेंब काढा. प्लग काढून आत ५ मिली ऑईल घाला, दोन-तीनदा दोरी ओढा, प्लग परत बसवा. कॅनमधलं मिश्रण पावसाळ्यात तीन आठवड्यांवर ठेवू नका. उरलं तर दुसऱ्या मशीनमध्ये संपवा.