एका आण्याच्या आतलं भांडण

रत्नागिरी जिल्ह्यात भूकरमापक आहे, म्हणजे हद्दीची भांडणं रोजचीच. त्यातली ही एप्रिलमधली मोजणी आठवली की हसू येतं, थोडं ओशाळायलाही होतं.

अर्जदार सत्तरी ओलांडलेल्या काकू. लगतचा कब्जेदार त्यांचाच चुलत पुतण्या, नोकरी संपवून मुंबईहून गावी आलेला. दोन घरांमध्ये आधी चिऱ्याचा गडगा होता, त्यावर शेराच्या झुडपांची वई, म्हणजे कुंपण. पुतण्यानं ते सगळं काढून सात फुटी निळा पत्रा ठोकला. काकूंचं म्हणणं, पत्रा आमच्यात दीड फूट आलाय.

निम्मी वाडी जमली होती. ज्यांना नोटीस नसते तेच या कामाला आधी हजर!

टिपण, म्हणजे जुन्या मोजणीचा मापं लिहिलेला कच्चा नकाशा, उघडलं. मापं साखळी-आण्यांत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांच्या जरा वर. (३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा.) थोडक्यात, अख्खं भांडण एका आण्याच्या आतलं. मशीन मिलिमीटर दाखवतं, पण ते जुळवायचं या आण्यांच्या कागदाशी. लोकांना हे पटवताना घसा कोरडा पडतो. नशिबानं आंब्याच्या बुंध्याशी कुदळ टणकन वाजली. पाचोळा बाजूला केला तर हद्दीचा जुना दगड. दुसरा विहिरीजवळ मिळाला. दोन्ही टिपणाशी बसले. दोरी ताणली, चुना टाकला. पत्रा पुतण्याच्याच जागेत, वर पाऊण फूट आत.

पुतण्यानं चुन्याचे फोटो काढले. काकूंनी जबाबावर सही केली आणि म्हणाल्या, "साहेब, तुमचं मशीन पत्र्याचं तोंड मोजतं काय?"

सकाळपासून मी त्या पत्र्याच्या बुडाशीच वाकलेलो. आता काकूंच्या ओट्यावर बसून पाहिलं. रंगवलेली बाजू सगळी पुतण्याकडे. इकडे गंज धरलेले अँगल, बोल्टची टोकं, कापलेल्या धारदार कडा. तुळशीला पाणी घालताना समोर हेच. दुपारची झळ थेट चुलीपर्यंत येत होती.

हे माझं काम नव्हे, तरी पुतण्याला हाक मारली. तो वळसा घालून आला, कोकम सरबत हातात घेऊन उभा राहिला.

"ठेकेदार म्हणाला, चांगली बाजू मालकाकडे ठेवायची असते."

"मग मी काय भाडेकरू?" काकू म्हणाल्या.

त्यावर कोणी काही बोललं नाही. मी मशीन पेटीत घातलं.

'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, न्यायला काकू आल्या त्या पावसाळ्यात. पत्रा तिथंच आहे, पण पुतण्यानं अँगल रंगवून दिले, वर दोऱ्या बांधल्या आणि काकूंनी पडवळ चढवलंय. जाता जाता दारात थांबल्या. "वेल माझा, पण पडवळं लागलीत त्याच्या बाजूला. ती कोणाची?"

म्हटलं, "काकू, त्याचा अर्ज मात्र करू नका."