एक गणित, ४५ मिनिटं

मागच्या आठवड्यात लेकीच्या शाळेत 'जुग्यो सान्कान' होतं, म्हणजे आई-बाबांनी जायचं, वर्गात मागे भिंतीला टेकून उभं राहायचं आणि पूर्ण तास बघायचा. आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो, इथे आपली माणसं भरपूर, जवळपास भारतीय शाळापण आहेत, पण आम्ही लेकीला आधीपासून इथल्या साध्या सरकारी शाळेत घातलंय आणि ती आता पाचवीत आहे. गावाकडून फोनवर नेहमी विचारतात की जपानी मुलं गणितात एवढी हुशार कशी काय, तिथे नक्की शिकवतात तरी कसं, म्हणून म्हटलं यावेळी जे बघितलं ते नीट लिहूनच काढू.

तास गणिताचा होता. सेन्सेइंनी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, फळ्यावर एकच समांतरभुज चौकोन काढला, खालची बाजू ६ सेंटीमीटर, तिरकी बाजू ५ आणि उंची ४, पण उंची लिहिलेली नव्हती, मुलांना चौकटीच्या कागदावर तीच आकृती दिली होती त्यावरून कळत होती. प्रश्न एकच, याचं क्षेत्रफळ किती आणि कसं काढलं ते सांगा. सूत्र दिलं नाही. मग सात-आठ मिनिटं वर्ग एकदम शांत, प्रत्येकजण आपापल्या वहीत, कोणी कात्री घेऊन कापतोय, कोणी चौकोन मोजतोय, आणि सेन्सेइ नुसत्या बाकांमधून फिरतायत, कोणालाच काही सांगत नाहीत, फक्त वाकून बघतात आणि हातातल्या कागदावर काहीतरी टिपून घेतात.

नंतर त्यांनी सगळ्यात आधी एका अशा मुलाला उठवलं ज्याचं उत्तर चुकलं होतं. त्याने ६ गुणिले ५ करून ३० काढले होते. माझ्या पोटात धस्स झालं, कारण आमच्या वेळी चुकीच्या उत्तराला उभं केलं की पुढे काय व्हायचं ते मला चांगलं आठवतंय. पण सेन्सेइंनी त्याचं ३० फळ्याच्या डाव्या बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली त्याच्या नावाचं मॅग्नेट लावलं आणि विचारलं, असं कोणाकोणाला वाटलं? पाच-सहा हात वर आले. मग एका मुलीने डावीकडचा त्रिकोण कापून उजवीकडे चिकटवून दाखवला, आयत झाला, ६ गुणिले ४ म्हणजे २४. दुसऱ्याने मधूनच उभं कापून दोन तुकडे उलटे जोडले, त्याचेही २४. आता फळ्यावर ३० आणि २४ शेजारी शेजारी, आणि वर्गात चर्चा सुरू, मग ३० कुठून आलं?

तेव्हा सेन्सेइंनी टेबलाखालून पुठ्ठ्याच्या चार पट्ट्यांची एक चौकट काढली, कोपऱ्यांना पिना लावलेल्या, बाजू ६ आणि ५ च्याच प्रमाणात. सरळ उभी धरली, आयत. हळूहळू एका बाजूला ढकलायला लागल्या, तिरकी झाली, अजून तिरकी, शेवटी पट्ट्या एकमेकींवर पडून आतली जागाच संपली. आणि तोच ३० वाला मुलगा जागेवरून ओरडला, बाजू तर त्याच आहेत, पण जागा कमी होतेय! मग तो स्वतः पुढे आला आणि सांगितलं की माझे ३० हे चौकट सरळ उभी असतानाचे आहेत, ही वाकली आहे म्हणून उंची बघायला पाहिजे. उंची हा शब्द सेन्सेइंनी नाही, त्याने उच्चारला. सूत्र सगळ्यात शेवटी आलं, तास संपायला पाच मिनिटं असताना, आणि तेही मुलांनीच सांगितलं.

४५ मिनिटांत एक गणित. मी सातवी-आठवीत असताना आम्ही एका तासात वीस-वीस उदाहरणं सोडवायचो आणि सर म्हणायचे पाया गुणिले उंची, पाठ करा, परीक्षेला येणार. मलापण ते अजून पाठ आहे. पण तिरक्या बाजूने का गुणायचं नाही हे मला खरं सांगते त्या दिवशी वर्गात मागे उभी राहून कळलं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, आणि डोळ्यात पाणी आलं.

फळा पूर्ण तासात एकदाही पुसला नाही. डावीकडून प्रश्न, मग मुलांचे विचार, मग निष्कर्ष असा भरत जातो, याला ते 'बान्शो' म्हणतात आणि तो कसा भरायचा हे शिक्षक आधी कागदावर आखून आणतात. मुलांच्या वेगवेगळ्या उत्तरांवर एकत्र चर्चा करायच्या भागाला शब्द आहे 'नेरिआगे', मळून काढणं, आपण कणीक मळतो तसं.

नंतर पालकभेटीला मी सेन्सेइंना त्या मुलाबद्दल विचारलं. त्यांनी मला पाठाचं टाचण दाखवलं. त्यात एक रकानाच असतो, मुलं काय काय उत्तरं देतील, आणि तिथे पहिलंच लिहिलं होतं ६ गुणिले ५. म्हणजे ते ३० येणार हे त्यांना आधीच माहीत होतं आणि ती पट्ट्यांची चौकट त्याच ३० साठी बनवलेली होती! म्हणाल्या हे मी एकटीने नाही केलं, आम्ही पाचवीचे सगळे शिक्षक बसून करतो. याला 'जुग्यो केंक्यू' म्हणतात, पाठाचा अभ्यास, आणि ही पद्धत मेइजी काळापासूनची, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. वर्षातून काही वेळा बाकीच्या वर्गांना लवकर घरी सोडतात, एकच वर्ग थांबतो, आणि शाळेतले सगळे शिक्षक तो एक तास बघतात, नंतर बसून बोलतात की मूल कुठे अडकलं. शिक्षक कुठे चुकला यापेक्षा मूल कुठे अडकलं.

मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे. 'पिसा २०२२' या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जपानला गणितात ५३६ आणि विज्ञानात ५४७ गुण होते, ओईसीडी म्हणजे बहुतेक विकसित देशांच्या गटात दोन्हीत पहिला नंबर, हे आकडे सगळे फॉरवर्ड करतात आणि मग आपल्याकडे चर्चा सुरू होते की टॅब द्या, स्मार्ट बोर्ड लावा, पोर्शन वाढवा. त्या वर्गात मी बघितलं ते पुठ्ठा आणि पिना होत्या. फक्त त्यामागे चार शिक्षकांनी एकत्र बसून घालवलेले तास होते.

विज्ञानाचंही तसंच. पहिली-दुसरीला विज्ञान हा विषयच नाही, तिसरीपासून सुरू होतो. गेल्या वर्षी चौथीत यांनी शाळेत 'हेचिमा' लावला, मी फोटो बघितला आणि म्हटलं अगं हे तर आपलं घोसाळं! एप्रिलपासून थंडीपर्यंत लेक वेलाची लांबी मोजत होती, सोबत त्या दिवशीचं तापमान लिहीत होती, उन्हाळ्यात वेल किती भराभर वाढतो आणि थंडी आली की कसा थांबतो ते तिच्याच आकड्यांतून दिसत होतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिचं एकच, अगं कोवळी आहेत तोवर भजी करा. मी स्वतः शाळेत प्रयोगवही कशी लिहिली ते आठवलं, कृती, निरीक्षण, अनुमान सगळं फळ्यावरून उतरवलेलं, आणि प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप. निरीक्षण न करता निरीक्षण लिहायला शिकलो आम्ही, हे मला आजही सलतं.

इथे सगळं छान आहे असं अजिबात नाही. २०१८ च्या 'टॅलिस' या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत इथल्या माध्यमिक शिक्षकांचे कामाचे तास आठवड्याला ५६ निघाले, भाग घेतलेल्या देशांत सगळ्यात जास्त, आणि हे असे तयारीचे तास शिक्षकांच्या संध्याकाळमधूनच येतात. चौथीपासून 'जुकु' म्हणजे क्लासेस सुरू होतात, लेकीच्या वर्गातली काही मुलं रात्री नऊला ट्रेनमधे दप्तर घेऊन दिसतात. आणि इंजिनिअरिंगला मुली इतक्या कमी की टोकियो टेक (आता 'इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स टोकियो') सारख्या नावाजलेल्या विद्यापीठाला २०२४ च्या प्रवेशापासून मुलींसाठी वेगळ्या जागा ठेवाव्या लागल्या. पाचवीत हात वर करणाऱ्या मुली पुढे कुठे जातात हा प्रश्न मला मुलीची आई म्हणून फार टोचतो.

अजून एक, संख्यांचं. जपानीत २१ म्हणजे 'नि-जू-इचि', दोन दहा एक, जसं लिहितो तसंच बोलतो. लेकीला घरी मराठी अंक शिकवताना ती विचारते, आई एकोणसाठमधे साठ कुठून आला, लिहिलेत तर पाच आणि नऊ? २०१९ मधे बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकरांवर किती टीका झाली. मला एकवीस, बावीस प्रिय आहेत, ते जायला नकोत, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला अडचण कुठे येते हा त्यांचा प्रश्न अगदी खरा होता आणि तो त्या आरडाओरड्यात कोणी ऐकलाच नाही. बाकी पाढे इथेही तालात पाठ करून घेतात बरं का, दुसरीत, 'कुकु' म्हणतात, ९ पर्यंतच. आपल्या आजोबांना पावकी-दिडकी यायची हे सांगितलं तर सेन्सेइंनी ते वहीत लिहून घेतलं.

माझी वहिनी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिला मी फळ्याचा फोटो काढून घेतला होता तो पाठवला, टाचणाचं जमेल तसं मराठी करून दिलं. तिने पुठ्ठा कापून चौकट केली, आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत बोलली, तर शेजारच्या शाळेतल्या दोन बाई सुट्टीच्या दिवशी हिच्यासोबत टाचण करायला आल्या. परवा तिने तिच्या फळ्याचा फोटो पाठवला, डाव्या कोपऱ्यात ३० तसंच ठेवलेलं, पुसलेलं नाही. खाली लिहिलं होतं, ताई, तीन पोरांनी तिरकी बाजूच गुणली, आणि एकाने तर सगळ्या बाजूंची बेरीज केली, ती तुमच्या टाचणात नव्हती, त्याच्यासाठी काय करू ते विचारून सांगा.

उद्या सेन्सेइंना विचारणार आहे.