पायाखालची फळी

परवा रात्री जेवणं उरकल्यावर हेडफोन लावून बसलो होतो. पंधरा-वीस मिनिटांत दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. "वर काही ठोकताय का हो? नाही म्हणजे, ह्यांचा आत्ताच डोळा लागला होता." मी छातीठोकपणे नाही म्हणालो. दार लावून परत येऊन बसलो आणि मग माझं लक्ष माझ्याच उजव्या टाचेकडे गेलं.

गुन्हा टाचेचा, पण फूस जॉन ली हूकरची, म्हणजे ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं गाणाऱ्या गिटारवाल्याची. 'हूकर एन हीट' नावाचा त्याचा १९७१ सालचा दुहेरी अल्बम ऐकत होतो. हूकर मूळचा मिसिसिपीचा. डेट्रॉइटला येऊन मोटारींच्या कारखान्यात झाडलोट करायचा. १९४८ साली त्याने 'बूगी चिलन' रेकॉर्ड केलं तेव्हा साथीला कुणीच नव्हतं. एक गिटार, एक आवाज आणि फळीवर आपटणारे बूट, बस्स. पुढच्याच वर्षी ते गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं.

मग १९७० मध्ये लॉस एंजेलिसला 'कॅन्ड हीट' या रॉक बँडच्या पोरांनी त्याला स्टुडिओत बसवलं. ही पोरं १९६९ चा वुडस्टॉक संगीत महोत्सव गाजवून आलेली, भक्त होती त्याची. त्यांनी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्याच्या पायाखाली प्लायवुड ठेवून त्या ठोक्यांसाठीही माइक लावला. हेडफोनवर ऐकताना तो बूट तुमच्या कानाच्या पाळीपाशी पडतो. तबला-डग्ग्यातला डग्गाच म्हणा. बूगी म्हणजे ब्लूजचा नाचरा प्रकार, त्याची लय तशी लंगडीच: एका मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला खाऊन टाकायचा. पण या लंगडण्यात अशी काही ओढ असते की सरळ चालणारा माणूस मागे पडावा.

गंमत पुढे आहे. ब्लूजचं नेहमीचं आवर्तन चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचं. हूकरला ते मान्य नाही. ओळ संपली की तो वळणार, मग तुकडे बारा होवोत नाहीतर कमी-जास्त. पुष्कळदा तर एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र छेडलेल्या त्याच स्वरांवर, ठाण मांडून बसतो. सावत्र वडिलांकडून, विल मूरकडून, आलेलं हे वळण. साथीदाराने सम शोधत बसावं आणि बुवांनी भलतीकडेच मान डोलवावी, असा प्रकार. म्हणून अल्बमच्या सुरुवातीला तो एकटाच वाजवतो, आणि मला विचाराल तर तेच उत्तम आहे. शेवटी अख्खा बँड येतो तेव्हा मजा वाढते, पण गर्दीही वाढते. बॉब हाइट हा त्यांचा अगडबंब गायक तर इथे एक ओळही गात नाही. एवढा संयम भल्याभल्यांना जमत नाही.

मात्र मधल्या भागात 'कॅन्ड हीट'मधलाच अ‍ॅलन विल्सन हार्मोनिका घेऊन येतो. जाड भिंगांचा चष्मा, त्यावरून मित्रांनी ठेवलेलं नाव 'आंधळं घुबड'. हूकर कुठे वळणार हे याला हूकरच्या आधी कळतं की काय असं वाटतं. हार्मोनिका कुठेही पुढे घुसत नाही, नुसती कडेकडेने चालते. आधी म्हणजे १९६४ मध्ये सन हाउस हा म्हातारा ब्लूजवाला कित्येक वर्षांनी सापडला तेव्हा त्याची गाणी तोच विसरून गेला होता. ती त्याला परत शिकवायला बसला तो हा विल्सन. विशीतला गोरा पोरगा! दुसऱ्याचं गाणं त्याच्यापेक्षा नीट सांभाळून ठेवणारा माणूस साथीला मिळणं, हे हूकरचं नशीबच.

३ सप्टेंबर १९७० ला विल्सन गेला. वय सत्तावीस. अल्बम बाजारात आला तो त्यानंतर काही महिन्यांनी. मुखपृष्ठावरच्या फोटोत हूकर आणि बाकीची मंडळी एका खोलीत बसली आहेत आणि विल्सन मागच्या भिंतीवर, फ्रेममध्ये. आपल्याकडे त्या फ्रेमला हार असता.

काल रात्री मी शहाण्यासारखी सतरंजीची चौघडी करून पायाखाली घेतली आणि शेवटचं गाणं लावलं. तेच 'बूगी चिलन', नव्याने वाजवलेलं, तब्बल अकरा मिनिटांचं. पहिली चार-पाच मिनिटं टाच सतरंजीवर होती. पुढचं मला आठवत नाही. बेल वाजली तेव्हा सतरंजी पलंगाखाली गेलेली होती.