रेल्वेचा ड्रायव्हर कधी म्हातारा होतो?

फ्रान्समध्ये रेल्वेचा संप म्हटलं की घरून फोन येतो, ‘तुमच्याकडे सगळं ठप्प आहे म्हणे!’ सगळं ठप्प क्वचितच होतं. २००७ च्या कायद्याप्रमाणे संपावर जाणाऱ्या ड्रायव्हरला ४८ तास आधी तसं कळवावं लागतं. उद्या कोणत्या गाड्या धावणार हे आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास कळतं, आणि ल्यों शहरातली आम्ही मंडळी ऑफिस की घर हे तेव्हाच ठरवतो.

मोठे संप पेटतात ते बहुधा निवृत्ती आणि पेन्शनच्या नियमांवरून. १९९५, २०१९, २०२३, तिन्ही वेळा तेच. १९०९ च्या कायद्याने ड्रायव्हरला पन्नाशीत पेन्शन दिली. तेव्हा इंजिनवर उभं राहून धगीत आणि धुरात राबायचं असे. कोळसा गेला, वाफ गेली, पन्नाशी मात्र टिकली. पुढे ती ५२ वर गेली आणि २०२३ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने ५४ ठरली. इतर नोकरदारांसाठी त्याच कायद्यात ६४ होतं, त्यामुळे ‘यांचे लाड आमच्या कराच्या पैशांतून’ ही कुरकुर इथे चहा-कॉफीबरोबर ऐकू येतेच.

आमचे शेजारी टीजीव्ही, म्हणजे इथली अतिवेगवान रेल्वे, चालवतात. कायद्याने इथे आठवडा ३५ तासांचा, म्हणून मलाही हेवा वाटायचा. मग त्यांच्या फ्रिजवरचा रोस्टर पाहिला. आज पहाटे पावणेचारला हजेरी, उद्या दुपारची पाळी, परवा रात्री मार्सेयला मुक्काम. तास कमीच, पण दोन रात्रींची झोप एकसारखी नाही. केबिनमध्ये एकटेच. झोप लागली तर कळावं म्हणून एक कळ हाताने किंवा पायाने दाबून धरायची आणि दर मिनिटाच्या आत सोडून पुन्हा दाबायची. विसरलं तर आधी घंटा, मग आपोआप ब्रेक. जेवताना ते टेबलाखाली पाय हलवतात, बायको ओरडते.

मी भुसावळचा. आमच्या गल्लीत मध्यरात्री ड्यूटीचं बोलावणं घेऊन सायकलवर कॉलबॉय यायचा, ड्रायव्हरकाकांची सही घ्यायचा आणि आख्खी चाळ जागी व्हायची. १९७४ च्या देशव्यापी संपात आठ तासांच्या ड्यूटीची मागणी होती. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा तो संप वीस दिवस चालला आणि मोडला गेला. काकांनी नंतरही किती तास काढले ते विचारू नका. आपल्याकडे निवृत्ती साठीला, हे ऐकून शेजारी गप्प बसले. मग विचारलं, ‘रात्रपाळीसुद्धा?’ हो म्हटलं.

मला ५२ की ५४ या वादापेक्षा १ जानेवारी २०२० ची तारीख जास्त खटकते. त्या दिवसापासून भरती झालेल्यांना जुनी खास पेन्शन नाही, ते सर्वसाधारण योजनेत. म्हणजे डेपोत शेजारशेजारच्या लॉकरमधले दोघे तीच गाडी, तीच पहाटेची पाळी करणार आणि एक जण दुसऱ्याच्या दहा वर्षं आधी घरी जाणार. शेजारी सध्या अशाच एका पोराला शिकवताहेत. पेन्शनचा विषय दोघेही काढत नाहीत म्हणे, सिग्नलचंच बोलतात.